मे अखेरीस सहा दिवसांत इटलीचा समुद्रकिनारा: दोन मुलं, सासूबाई आणि शाकाहारी जेवण, कसं जमवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे अखेरीस पुण्याहून पाच जण निघणार, त्यात 11 आणि 5 वर्षांची मुलं आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. मिलानला उतरून रोमहून परत. मधल्या सहा दिवसांत व्हेनिस, चिंक्वे तेर्रे (समुद्रकाठच्या कड्यांवरची पाच छोटी गावं) आणि अमाल्फी बसवायचं आहे. गाडी भाड्याने घ्यावी का, आणि खायचं काय?

तिन्ही बसवू नका. एकच किनारा घ्या, तो लिगुरियाचा, म्हणजे चिंक्वे तेर्रे आणि जेनोआ जिथे आहेत त्या भागाचा, आणि पाचपैकी चार रात्री एकाच गावात, एकाच घरात काढा. मी मिलानमध्ये राहते. मे लागला की भारतातून कोणी ना कोणी येतंच, आणि इथले लोक सुट्टी मिळाली की ज्या समुद्राकडे पळतात तिकडेच मीही पाहुण्यांना नेते. तरुण जोडप्याला मी वेगळं सांगितलं असतं. तीन पिढ्या एकत्र असल्या की दिवसात किती होईल हे नकाशा ठरवत नाही, सगळ्यात लहान मूल आणि सगळ्यात मोठे गुडघे ठरवतात.

व्हेनिस पूर्वेच्या समुद्रावर, चिंक्वे तेर्रे पश्चिमेला आणि अमाल्फी पार खाली नेपल्सच्या पुढे. कागदावर काही तासांचेच प्रवास दिसतात. पण प्रत्येक मुक्काम हलवताना सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, दुपारी दोन-तीनला नवी मिळणार, मधे बॅगांची राखण करत बसायचं. पाच जणांच्या बॅगा म्हणजे तो दिवस गेलाच समजा. असे दोन दिवस घालवले तर सहातले उरले किती?

अमाल्फीबद्दल वाईट वाटून घेऊ नका. किनारा देखणाच आहे, पण तिथला रस्ता कड्याला चिकटून नागमोडी जातो, बसमध्ये उभं राहायला जागा नसते आणि तिथलं पोझितानो गाव म्हणजे नुसत्या पायऱ्या. पुढे कधी आठवडाभर वेळ काढून जवळच्या सालेर्नो शहरात राहा आणि तिथून बोटीने फिरा.

आता लिगुरिया. मुक्काम लेवांतोला करा. चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत राहायचा मोह होतो, फोटोच तसे असतात. पण रिओमाज्जोरे किंवा मानारोलामध्ये घर घेतलं तर बरेचदा अरुंद, चढत्या गल्लीतून बॅगा हाताने उचलून न्याव्या लागतात, आणि दूध आणायला निघालं तरी तेवढंच चढ-उतार. पाचांपैकी मोंतेरोस्सो तेवढं सपाट आहे, पण भाडं त्या मानाने जबर. लेवांतो त्याच्या शेजारचंच स्टेशन, ट्रेनने पाचेक मिनिटांवर. गाव सपाट, किनारा लांबरुंद, स्टेशनवरून चालत घर गाठता येतं, आणि मिलानहून थेट इंटरसिटी गाड्या आहेत, साधारण तीन तासांच्या. विमानतळावरून मिलान सेंट्राले हे मुख्य स्टेशन आणि तिथून सरळ समुद्र. त्या रात्री मिलानमध्ये थांबू नका.

एक सावधगिरी: लेवांतो वेगळं आणि सेस्त्री लेवांते वेगळं. दोन्ही याच मार्गावर आहेत, तिकीट काढताना भल्याभल्यांची गडबड होते. सेस्त्री लेवांतेही छान आहे. जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीच्या दोन्ही अंगांना दोन उपसागर, त्यातल्या एकाचं नाव 'परीकथांचा उपसागर', कारण हान्स क्रिस्टियन अँडरसन 1833 मध्ये इथे राहून गेला होता. लेवांतोत मनासारखं घर मिळालं नाही तर खुशाल तिथे राहा.

लेवांतोची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. जुना रेल्वेमार्ग डोंगराच्या आत सरकवल्यावर समुद्रालगतचे रिकामे बोगदे तसेच राहिले. त्यांचा आता बोनास्सोला आणि पुढे फ्रामुरापर्यंत सायकल आणि पायवाटेचा सपाट रस्ता केलाय. भर दुपारीही आत गार असतं, मधेच बोगदा संपतो आणि खाली निळं पाणी. मोठ्या मुलाला भाड्याची सायकल द्या, सासूबाईंना बोनास्सोलापर्यंत चालत न्या, परत येताना ट्रेन. पहिल्या संध्याकाळी एवढंच करा.

चिंक्वे तेर्रेला एक दिवस, आणि पाचही गावं बघायचा हट्ट नको. कोर्निल्या सोडून द्या. ते कड्यावर वसलंय आणि स्टेशनवरून वर जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. शटल बस असते, पण तिच्यासाठीही रांगच. तुम्ही वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो घ्या. वेर्नात्सात स्टेशनवरून एकच मुख्य रस्ता हळूहळू उतरत थेट छोट्या बंदराशी जातो. सासूबाई तिथे कठड्यावर बसल्या की त्यांना समोर सगळं गाव दिसेल. ऑक्टोबर 2011 मधल्या पुरात हाच रस्ता चिखल आणि दगडांनी पहिल्या मजल्याच्या आसपास भरला होता. आज चालताना खरं वाटत नाही.

सकाळी आठच्या आत निघा. दहानंतर क्रूझवरून उतरलेले जथे येतात, मग फलाटावर मुलाचा हात सोडायची सोय नाही. दिवसभरात तीन-चारदा चढ-उतार होणार असेल तर चिंक्वे तेर्रे कार्ड घ्या, त्यात लेवांतो ते ला स्पेत्सिया ट्रेनने कितीही वेळा फिरता येतं. कार्डाची किंमत तारखेनुसार बदलते, गर्दीच्या दिवशी जास्त.

ट्रेनमधून मात्र समुद्र फारसा दिसत नाही. आपल्या कोकण रेल्वेसारखं बोगदा, क्षणभर उजेड, परत बोगदा असं चालतं. गावं कशी कड्याला लटकली आहेत ते बोटीतून कळतं, म्हणून एक बाजू बोटीने करा, वेर्नात्सा ते मोंतेरोस्सो एवढी छोटी फेरीही पुरते. फक्त चढणं कसं असतं ते सासूबाईंना आधी सांगून ठेवा: बोट नाक पुढे करून धक्क्याला टेकते, एक अरुंद फळी टाकतात, ती लाटेबरोबर थोडी हलते आणि खलाशी हात धरून एकेकाला आत घेतो. हात पक्का धरतात, पण क्षणभर पोटात गोळा येतो. लाटा मोठ्या असल्या तर फेऱ्या सरळ रद्द होतात, म्हणून बोटीचं तिकीट त्याच दिवशी, हवा बघून काढा.

मोठ्या मुलाला चढायची हौस असेल तर बाबांनी त्याला मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा पायवाटेने न्यावं. साधारण दोन तास लागतात, सुरुवातीलाच पायऱ्या दम काढतात. चपला घालून त्या वाटेवर जाता येत नाही, दंड होतो, तेव्हा बूट हवेत. 'प्रेमाची वाट' म्हणून गाजलेला रिओमाज्जोरे ते मानारोला हा रस्ता 2012 साली दरड कोसळून बंद झाला होता, तो 2024 मध्ये परत उघडला. वाट सपाट आहे, पण वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. तुमच्या यादीत मी ती धरली नसती.

किनाऱ्याची पद्धत समजून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी गोंधळ उडतो. एकसारख्या रंगाच्या छत्र्यांच्या शिस्तीत लावलेल्या रांगा म्हणजे खाजगी 'बान्यी'. तिथे छत्री आणि खुर्च्यांचं दिवसाचं भाडं भरायचं, पहिल्या रांगेला जास्त. 'स्पियाज्जा लिबेरा' असा फलक असेल तो भाग मोकळा, तिथे आपली चादर टाका. एरवी मी मोकळ्या किनाऱ्याची बाजू घेते, पण सासूबाई सोबत असताना निदान एक दिवस बान्यीचे पैसे भरा. टेकून बसायला खुर्ची, सावली, स्वच्छ शौचालय आणि मुलांची वाळू धुवायला शॉवर, हे सगळं त्यात येतं. मागच्या रांगेत बसा, पाण्यापासून दोन पावलं लांब असल्याने काही बिघडत नाही. साडीत गेल्या तरी कोणी वळून बघत नाही. शेजारी सत्तरीच्या आजीबाई बिकिनीत शब्दकोडं सोडवत बसलेल्या असतात, त्यांनाही कोणी बघत नाही.

मे अखेरीस पाणी गारच असतं, 18-19 अंशांच्या आसपास. मुलांना फरक पडत नाही, तुम्हाला पडेल. बऱ्याच ठिकाणी वाळूऐवजी गोटे आहेत, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट सगळ्यांना घ्या. उजेड रात्री नऊपर्यंत असतो, तेव्हा दुपारी एक ते चार घरात झोपा आणि पाचला परत बाहेर पडा.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी माणसाला इटलीत याहून बरी जागा शोधावी लागेल. फारिनाता नावाचा पदार्थ शोधा: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस्स. पातळ पीठ परातीएवढ्या तांब्याच्या ताटात ओततात, लाकडाच्या भट्टीत सरकवतात आणि कडा तपकिरी, खरपूस झाल्या की लांब दांड्याने बाहेर ओढून तुकडे कापतात, वर मिरपूड. गरमच खायची. माझ्या आईने पहिल्या घासाला "यात ओवा हवा होता" म्हटलं आणि लगेच दुसरा तुकडा मागितला. सकाळी बेकरीतली फोकाच्चा, म्हणजे चपटा पाव, वरून मीठ आणि तेल लावलेली, मुलांचा डबा म्हणून उत्तम. जेवायला पेस्तो, म्हणजे बेसिलच्या पानांची हिरवी चटणी, घातलेला त्रोफिए पास्ता घ्या. पेस्तो मूळ याच भागातला, आणि इथे त्या पास्त्यात बटाटा आणि फरसबीही घालतात. त्रोफिए बिनअंड्याचा असतो.

दोन गोष्टी सांभाळा. मोंतेरोस्सोला अँचोव्ही मासे प्रसिद्ध आहेत आणि ते पिझ्झा, सॅलड, कुठेही गुपचूप येतात, म्हणून "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्युगे" (मांस नको, मासे नकोत, अँचोव्ही नकोत) हे पाठ करून ठेवा. दुसरं, पेस्तोत पार्मेजान चीज असतं आणि ते वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. सासूबाई किती कडक आहेत ते तुम्हालाच ठाऊक. चालत नसेल तर टोमॅटोचा साधा पास्ता आणि फारिनाता.

रेस्टॉरंटची दुपारची स्वयंपाकघरं अडीचच्या सुमारास बंद होतात ती रात्री साडेसात-आठपर्यंत. पाच वर्षांच्या मुलाला हे समजावता येत नाही, म्हणून हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. तांदूळ, मसूर, भाज्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. मसाल्याचा डबा भारतातून आणा, पण तूप, पेढे, पनीर बॅगेत भरू नका. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. बिलात माणशी 'कोपेर्तो' लावलेलं दिसेल. ते बसण्याचे आणि पावाचे पैसे, फसवणूक नव्हे.

पाऊस लागला तर जेनोआ. तिथलं मत्स्यालय 1992 मध्ये कोलंबसच्या प्रवासाला 500 वर्षं झाली तेव्हा जुन्या बंदरात उघडलं, मुलांचा अर्धा दिवस सहज जातो.

गाडी अजिबात नको. जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेले भाग असतात, कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी भारतात येतं. पार्किंग मिळवण्यात सकाळ जाईल ती वेगळीच. प्रादेशिक गाड्यांचं तिकीट आधी काढायची गरज नाही, भाडं ठरलेलं असतं; कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करा. 4 वर्षांपुढच्या मुलांना 12 पूर्ण होईपर्यंत अर्धं तिकीट. मिलान ते लेवांतो आणि रोमची गाडी मात्र आजच बघा, उशीर केला तर महाग पडते. संप इथे नित्याचेच. आठवड्याच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 प्रादेशिक गाड्या ठरावीक प्रमाणात चालवाव्याच लागतात, बेत त्या वेळांत बसवा. 2 जूनला राष्ट्रीय सुट्टी असते, तिच्याभोवती शनिवार-रविवार जोडून आला तर किनारा फुलून जातो.

पाचव्या दिवशी सकाळी ला स्पेत्सियाहून थेट गाडीने रोम, साडेतीन-चार तास. पिसा वाटेतच आहे, पण मनोऱ्यावर 8 वर्षांखालच्या मुलांना चढू देत नाहीत, मग धाकटा रडणार आणि थोरला चिडवणार. मी असते तर खिडकीतूनच निघून गेले असते.

व्हिसाचं शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, सहाखालच्यांना नाही. थोरला प्रवासाआधी 12 पूर्ण करत असेल तर हिशेब बदलेल, ते तपासा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मेच्या प्रवासासाठी मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंटची मारामार असते. रद्द करता येईल असं लेवांतोचं घर आधी धरून ठेवा, अर्जाला राहण्याचा पुरावा तोच लागेल, आणि विमानाचं पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढा.