गणपतीनंतर शरीर 'डिटॉक्स' करायला सात दिवस फक्त रसावर राहू का? कुठला रस चांगला?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण दरवर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की आमच्या लॅबमध्ये हेच विचारतात. तुम्ही लिहिलंय की वय ३४, मुंबईत बसून काम, गावाला दहा दिवस मोदक, वडे, विसर्जनानंतर कोंबडी आणि 'थोडी' दारू, आता अंग जड झालंय. मी सिंधुदुर्गात एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं रक्त काढते आणि मशीनवर लावते. डॉक्टर नाही. तरी रसावर राहायचं असेल तर माझं उत्तर 'नको' असंच आहे.

तुम्ही ज्याला डिटॉक्स म्हणताय ते काम हा प्रश्न टाईप करतानाही तुमच्या पोटात चालूच होतं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं परत आत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. अंगात रक्तातलं पाणी असतं तीन लिटरच्या आसपास, म्हणजे तेच पाणी दिवसातून साठेक वेळा गाळून निघतं. लिव्हर प्रथिनांतून तयार होणाऱ्या अमोनियाचा युरिया करतं, औषधं मोडतं, दारू मोडतं. यातलं काहीच गाजराच्या रसाची वाट बघत थांबलेलं नसतं.

दारूचंच गणित बघा. ३० मिलीच्या एका पेगात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅमच मोडतं. विसर्जनाच्या रात्री साठ-साठचे चार झाले असतील तर लिव्हरला आठ तासांहून जास्त काम लागलं. लिंबूपाणी, ताक, कोकम, कशानेही तो वेग वाढत नाही. लिव्हरला सवड देणं एवढंच आपल्या हातात आहे, म्हणजे पुढचे काही आठवडे बाटलीला हात लावायचा नाही.

आता रसांबद्दल. दुधीचा रस सगळ्यांना पवित्र वाटतो. पण दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाचं विष असतं आणि त्याने माणसं दगावलीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस अजिबात पिऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. आमच्याकडच्या बिंबलांचं तेच. आमटीत आंबटपणाला चार बिंबलं टाकली तर काही होत नाही, पण केरळात त्यांचा घट्ट रस पेला-पेला पिऊन किडनी अचानक बंद पडलेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवलेत. बिंबलात ऑक्झॅलेट फार असतं, त्याचे बारीक स्फटिक किडनीतच साचतात. एक भाजी म्हणून खाणं वेगळं आणि तिचा अर्धा किलोचा अर्क काढून रिकाम्या पोटी ढोसणं वेगळं.

खरं सांगायचं तर मी हे एवढं तावातावाने लिहितेय ते मामांमुळे. मामा एसटीतून निवृत्त झालेले, पंधरा वर्षांची साखर, ब्लडप्रेशरची गोळी चालू. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) १.९, म्हणजे वाढलेलं होतं, डॉक्टरांनी 'किडनीवर लक्ष ठेवा' म्हटलेलं. कुणीतरी सांगितलं की शहाळ्याने किडनी साफ होते. घराभोवती माड, पाडणारा गडी घरचा, मग काय, सकाळ-दुपार-संध्याकाळ शहाळं. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "गो, किडनी धुवून निघता त्याने!" मीही गप्प बसले. शहाळं वाईट कसं असेल, असंच मलाही वाटलं होतं.

दोन आठवड्यांनी 'पायात जोर नाही' म्हणून आले. मी रक्त काढलं, मशीनवर लावलं. पोटॅशियम ६.६. साधारण माणसाचं ३.५ ते ५ च्या आसपास असतं. लॅबवाल्याच्या मनात पहिली शंका येते ती नमुना बिघडल्याची. ओढून काढताना रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वर जातं. म्हणून नळी उजेडाकडे धरून बघितली. वरचा सीरम स्वच्छ पिवळा, गुलाबी झाक नाही. तरी दुसऱ्या हातातून पुन्हा काढलं. ६.५. मग मात्र त्यांना घरीसुद्धा जाऊ दिलं नाही, रिक्षात घातलं आणि सरळ रुग्णालयात नेलं. एवढं पोटॅशियम हृदयाचे ठोके बंद पाडू शकतं. चार दिवस राहिले, सुटले. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, धडधाकट किडनी ते हसत बाहेर टाकते, अर्धवट किडनीला जमत नाही. त्यातून ब्लडप्रेशरच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. रोज शहाळी पाहूनही मी गप्प बसले होते, ते मनातून जात नाही.

तुम्ही ३४ चे, साखर नाही, प्रेशर नाही, तर शहाळं खुशाल प्या. पण ते डिटॉक्स म्हणून नाही, उन्हातून आल्यावर तहान लागली म्हणून.

मग करायचं काय? आमच्या आजीने सांगितलं असतं तेच, फक्त तिचं महिन्याचं एरंडेल वगळून. (एरंडेलाने पोट साफ होतं, रक्त नाही. बालपणीचे कित्येक रविवार त्यात गेले.) सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात कमी आणि त्याच्या दुप्पट भाजी, अळू, लाल माठ, चवळी, आठवड्यातून दोनदा कुळथाची पिठी. चोथा पोटात गेला की पित्तातली आम्लं त्याला चिकटून बाहेर पडतात आणि लिव्हरला नवीन पित्त करायला कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. रसात तुम्ही नेमका हाच चोथा फेकून देता. बांगडा तळण्याऐवजी तव्यावर. सोलकढी चांगली, पण त्यातलं आगळ (कोकमाचा घट्ट रस) मिठात मुरवलेलं असतं आणि सुक्या मासळीचं तर बोलायलाच नको. दिवसाचं मीठ एकूण चहाच्या चमच्याएवढं, यात लोणचं आणि आगळसुद्धा धरायचं.

पाणी तहान लागेल तसं, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. मुंबईत परतल्यावर रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चाला. लिव्हरवर चरबी चढली असेल तर वजन पाच ते दहा टक्के उतरलं की ती कमी होते. आमच्याकडे एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलेले निम्मे तरी असेच बैठ्या कामाचे असतात. झोप पुरी घ्या. तंबाखू असेल तर सोडा, त्याबद्दल वेगळं काय सांगू.

एक मात्र लोक विसरतात. कोकणात लिव्हर-किडनीला खरा धोका पावसाळ्यातल्या पाण्यातून येतो. विहिरीचं पाणी न उकळता प्यायलात तर कावीळ, पायाला जखम असताना चिखलात उतरलात तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारी साथ), जी दोन्ही अवयवांना एकदम धरते. शेतात उतरला असाल आणि आता ताप, अंगदुखी, डोळे लाल असतील तर रस नको, आजच डॉक्टरकडे जा. गुडघे धरलेत म्हणून दुखण्याच्या गोळ्या मनाने खाऊ नका. 'आयुर्वेदिक' म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्याही नकोत.

रात्री तळपायाला लावून 'विष ओढून घेणारे' म्हणून विकतात ते पॅच घेतले असतील तर एक गंमत करा. एका पॅचवर किटलीची वाफ धरा. तोही काळा होतो, म्हणजे सकाळी दिसतं ते विष नव्हे, ओलावा.

आणि सात दिवस बिनवड्याचे जातील असं वाटत असेल तर गावात आत्ता म्हाळ (पितृपक्षातली श्राद्धाची जेवणं) सुरू होतील. कुणाकुणाच्या घरचं आमंत्रण नाकारणार? जा, दोन वडे खा, भाजी जास्त वाढून घ्या. मामा हल्ली तेच करतात. शहाळी अजून पडतात, पण ती आता नातवंडं पितात, आणि मामा खुर्चीत बसून मोजतात.