शीग म्हणजे काय, आणि चॉकलेट सोडायचं की नाही

चि. बाळास,
सप्रेम सलाम.

रविवारी फोनवर आजीनं तुला विचारलं, "काय सोडलंस ते राहू दे, कुणाचं शिगोशीग परत केलंस ते सांग." फोन ठेवल्यावर तू दोन प्रश्न विचारलेस. शीग म्हणजे काय, आणि वर्गातली मुलं लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात, चॉकलेट सोडतात तर सोलापूरकडची आपली ख्रिस्ती माणसं काय सोडतात? जेवता जेवता सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून लिहून देते. मराठी वाचायचा सरावही होईल.

आधी शीग. पूर्वी धान्य वजनावर नाही, मापानं मोजायचे. दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. मापट्यात ज्वारी ओतून वरून तळहात फिरवला, की काठाच्या वरचे दाणे खाली पडतात. ते झालं सपाट माप. तळहात न फिरवता ओतत राहिलं, तर काठावर दाण्यांचा ढीग चढतो, टोक येतं आणि मग दाणे आपोआप घरंगळायला लागतात. त्या टोकाला शीग म्हणतात. पिठाचं आणखी वेगळं. पीठ भुरभुरीत ओतलं तर माप भरल्यासारखं दिसतं, पण आत हवाच जास्त. दाबलं की दोन बोटं खाली बसतं. बायबलमध्ये, लूक 6:38 मध्ये, येशू चांगलं माप कसं ते सांगतो: दाबून, हालवून, शीग भरून. घरात धान्य मोजणाऱ्या बाईला यातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते लगेच कळतं. दाबायचं पिठासाठी, हालवायचं दाण्यांमधल्या फटी बुजाव्यात म्हणून, आणि शीग त्यानंतर.

आता समज, शेजारणीकडून मापटंभर पीठ उसनं आणलं. तिनं शिगोशीग दिलं. आपण चार दिवसांनी परत केलं ते तळहात फिरवून. मापटं घेतलं, मापटं दिलं, चोर कोणी म्हणणार नाही. पण शीग आपल्या डब्यात राहिली. आजी विचारते ते या राहिलेल्या शिगेबद्दल.

ही काही आजीची लहर नाही. मोशेच्या नियमशास्त्रात हिशेबच दिला आहे. लेवीय 6:5 म्हणतं, फसवून घेतलेलं असेल तर सगळं परत कर आणि वर पाचवा हिस्सा घाल. म्हणजे 100 रुपयांचे 120. जक्कय जकातदार त्याच्याही पुढे गेला. लूक 19:8 मध्ये तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. त्यानं कुठलाही पदार्थ सोडल्याचं तिथे लिहिलेलं नाही.

दिवस कसे मोजतात ते थोडक्यात. लेंटच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे भस्म बुधवारपासून, ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासाचे नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस. उरले 40. ईस्टर चंद्रावर ठरतो: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणून तारीख दरवर्षी सरकते. 2026 साली भस्म बुधवार 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला. भस्म बुधवाराच्याच आठवड्यात, 15 फेब्रुवारीला, महाशिवरात्र, आणि रमजानही तेव्हाच सुरू. सोलापुरात एकाच गल्लीत तिन्ही उपवास असू शकतात, आणि मग शेजारच्या काकू हमखास विचारतात, "तुम्हाला साबुदाणा चालतो का?"

इथे बरेच जण गोंधळतात. शिवरात्रीच्या उपवासाला धान्य चालत नाही, म्हणून भगर, साबुदाणा, रताळी. आपल्या उपवासात अशी पदार्थांची यादी नाही. भाकरी चालते, आमटी चालते, शेंगाची चटणी चालते. प्रश्न असतो तो किती खाल्लं याचा. कॅथॉलिक मंडळींना नियम आहे: भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्या माणसानं एकच पूर्ण जेवण घ्यायचं, बाकी दोन वेळा थोडंसं, आणि ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. मांस वर्ज्य करायचं ते 14 वर्षांपासून. प्रोटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, असं बंधन नाही, ज्याचं त्यानं ठरवायचं. सोलापुरात काही घरांत चाळीसही दिवस मटण-मासे बंद असतात, काही घरांत फक्त बुधवार-शुक्रवार. तू अजून 14 चा नाहीस, तेव्हा तुला कुठलाच नियम लागू नाही. आणि पाणी कोणीच सोडायचं नाही. मार्चअखेरीस सोलापूरचा पारा चाळिशीकडे जातो, त्या उन्हात तहानेनं चक्कर येण्यात कसलीही भक्ती नाही.

उपवास बिघडतो कुठे, ते सांगते. मटण बंद झालं की त्याच्या जागी पनीर येतं, सुकामेवा येतो, गोडधोड होतं. महिन्याचं बिल बघितलं तर आधीपेक्षा जास्त! दुसरी चूक अशी की वाचलेले पैसे वेगळे काढले जात नाहीत, मग ते कुठे गेले ते कळतच नाही. उपाय साधा आहे. समज, आठवड्याला अर्धा किलो मटणाचे 400 रुपये जायचे आणि आता त्या दिवशी 60 रुपयांची डाळ-भाजी झाली. वाचले 340, 400 नव्हे. ते त्याच दिवशी पत्र्याच्या डब्यात टाकायचे, महिनाअखेरीला नाही. सहा आठवड्यांचे 2,040 होतात. यशया 58 मध्ये देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणं. पैसा ताटातून निघून डब्यातच अडकला, तर ती नुसती बचत झाली. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेत) 1886 पासून यालाच स्वार्थत्याग म्हणतात, आणि त्याची सुरुवात एका माणसानं वर्षभर पुडिंग सोडून त्याचे पैसे द्यायचं ठरवलं तिथून झाली. तेव्हा चॉकलेट सोडणं वाईट नाही. फक्त त्या चॉकलेटचे पैसे कुठे गेले ते तुला सांगता आलं पाहिजे.

आणि हे करताना चेहरा पाडून फिरायचं नाही. मत्तय 6:17 मध्ये येशू सांगतो, उपवास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव आणि तोंड धू. आपल्याकडच्या कुठल्याही आईनं हेच सांगितलं असतं.

आता खरा भाग, वागणुकीचा. लेंट सोलापुरात ऐन सुगीत येतो. कोरडवाहू रानातला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. कडबा पुरा मिळावा म्हणून ज्वारीची ताटं मुळापासून उपटतात, आणि दिवसभर उपटून हाताला फोड येतात. या दिवसांत कुणाची ना कुणाची मजुरी देणं असतंच. अनुवाद 24:15 म्हणतं, मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे. कारणही तिथेच दिलंय: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला असतो. "शनिवारी बघू" म्हणणाऱ्याला तो आठवडा छोटा वाटतो, पण मजुराच्या घरी संध्याकाळचं पीठ त्याच पैशातून येतं.

रान नसलेल्या घरातही हे येतंच. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी दोन दिवस आजारी पडल्या तर खाडा धरून पगार कापतात. नोकरीतल्या माणसाला आजारपणाची रजा भरपगारी मिळते, मावशींना मात्र खाडा. लेंटमध्ये निदान एवढं करावं: खाडा धरू नये, आणि पगार सात-आठ तारखेपर्यंत न ताणता एक तारखेला द्यावा. सणाला जुनी साडी देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. जुन्या साडीनं आपलं कपाट मोकळं होतं, वेळेवरच्या पगारानं त्यांची दुकानातली उधारी फिटते.

पाण्याचंही तेच. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी आलं की काही लोक नळाला थेट मोटर जोडतात. गल्लीची पाइपलाइन एकच असते. एका घरातली मोटर पाणी ओढायला लागली की त्या पाइपातला दाब पडतो आणि गल्लीच्या टोकाच्या घरात नुसती हवा फुसफुसते. मोटरवाल्याला कुणाचं काही घेतल्यासारखं वाटत नाही, कारण टोकाच्या घरातली रिकामी घागर त्याला दिसत नसते. मोटर लावायचीच तर आधी नळाचं पाणी आपोआप खालच्या हौदात पडू द्यावं आणि मग हौदातून वरच्या टाकीत चढवावं. माझ्या मते चाळीस दिवस मटण सोडून नळाला मोटर लावणाऱ्यापेक्षा मटण खाऊन मोटर न लावणारा बरा. आपल्या चर्चचे पाळकसाहेब हे व्यासपीठावरून एवढं सरळ सांगणार नाहीत.

दुसऱ्याच्या रिकाम्या घागरीची काळजी करण्यावरून पंडिता रमाबाई आठवतात. पुण्याहून सोलापूरला जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं, तिथे त्यांचं मुक्ती मिशन आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना तिथे आणलं, आणि नुसतं जेवू घातलं नाही, तर विणकाम, शेती, छपाई शिकवली. पुढच्या वेळी खिडकीशी बसून ते स्टेशन बघ.

सगळ्यात अवघड असतं भांडण मिटवणं. मत्तय 5:23-24 म्हणतं, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट वाच: तुझ्या मनात काही आहे असं नाही, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. म्हणजे रुसलेला येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही. पवित्र गुरुवारच्या प्रभुभोजनाआधी हे व्हायला हवं, आणि शक्यतो झावळ्यांच्या रविवारच्याही (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आधी. शेवटच्या आठवड्यात उरकलेला समेट बहुतेक वेळा दाखवण्यापुरता असतो. घरी जावं, मेसेज पाठवू नये. जुनी कहाणी पुन्हा काढू नये, ती निघाली की तीच भांडणं नव्यानं होतात. "माझं चुकलं" एवढंच म्हणावं आणि पुढे "पण" लावू नये. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नाही, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्याची होते. त्यांनी चहा दिला तर प्यावा. नाही दिला तरी जाणं वाया गेलं नाही. मंडळीतल्या कमिटीच्या भांडणांना हा नियम लागू आहे की नाही, ते मोठ्यांना विचार. गंमत येईल.

गुरुवारी काही मंडळ्यांत योहान 13 प्रमाणे पाय धुण्याचा विधी असतो. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात मनन. उन्हाच्या वेळी तीन तास बसायचं, तेव्हा पाण्याची बाटली जवळ ठेवायची.

तुझ्यापुरतं काय, तर एक वही घे. पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे नाव, उजवीकडे काय देणं आहे ते. वस्तू, पैसे, कुणाचं वाईट केलेलं नाव, बहिणीवर ढकललेलं काम, सगळं. पहिल्या आठवड्यात फक्त लिही, कारण पहिल्या दिवशी दोनच गोष्टी आठवतात आणि सातव्या दिवसापर्यंत दहा होतात. मग सोप्यातल्या सोप्यापासून परत करायला लाग, आणि प्रत्येकात थोडी शीग घाल. पेन्सिल घेतली असेल तर टोक करून दे. खोटं सांगितलं असेल, तर ज्यांच्यासमोर सांगितलं त्यांच्याचसमोर खरं सांग, एकट्याला गाठून नाही. एखादा माणूस सापडतच नसेल, शाळा सोडून गेला असेल, तर गणना 5:8 मध्ये त्यावरही सोय आहे: घेणारा नसेल तर ते देवाला द्यावं. तुझ्या बाबतीत पत्र्याच्या डब्यात. वही कुणाला दाखवायची नाही. मलाही नाही.

एक नाव मात्र मीच सांगते. शेजारच्या आजींचा केकचा डबा नाताळपासून आपल्या ओट्याखाली पडला आहे. येत्या शनिवारी घासून, पुसून नेऊन दे. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तेव्हा आत काय घालायचं ते तू ठरव. शेंगाची चटणी नको, त्यांना तिखट सोसत नाही.

प्रभूमध्ये तुझी,
आई