पगार लांबल्याचे खरे कारण कामगारांना सांगावे का?

साकीनाक्याच्या गाळ्यात वडिलांनी उभा केलेला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा तुम्ही चालवता. मोठ्या गिऱ्हाइकाकडे पैसे अडकल्याने दोन महिने पगार लांबले आणि तुम्ही कामगारांना बँकेचा सर्व्हर बंद असल्याचे सांगितलेत. खरे सांगितले तर माणसे सोडून जातील आणि मालक म्हणून वचक राहणार नाही, अशी भीती तुम्ही पत्रात व्यक्त केली आहे.

तुमच्या कामगारांना हे बहुतेक कळलेले आहे. ज्या गाळ्यात कागदाच्या रिळांचा टेम्पो येईनासा झाला, ओव्हरटाइम बंद झाला आणि कागदवाला तुमच्या केबिनबाहेर ताटकळत बसू लागला, तिथे सर्व्हरचे कारण सकाळच्या चहापर्यंतही टिकत नाही. थकबाकी किती, हे मात्र त्यांना ठाऊक नाही, आणि आकडा कळला नाही की माणूस वाईटातला वाईट अंदाज बांधतो.

म्हणून सांगा, पण काय सांगायचे ते आधी ठरवा. रात्री झोप लागत नाही, वडिलांचे नाव बुडेल की काय, हे पत्नीजवळ किंवा जिवलग मित्राजवळ बोला. ज्याचे घरभाडे तुमच्या पगारावर अवलंबून आहे, त्याच्यावर तुमची समजूत घालण्याची वेळ आणणे मला तरी अन्यायाचे वाटते. कामगारांना हिशेब हवा आहे: सर्व्हरचे कारण खोटे होते, पैसे अमुक ठिकाणी अडकले आहेत, अर्धा पगार या तारखेला आणि उरलेला त्या तारखेला मिळेल, तोवर मी स्वतः धंद्यातून काही उचलणार नाही. जुन्या सुपरवायझरला हे आदल्या दिवशी सांगा; आजवर तुमची बाजू त्यानेच सावरली असणार. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळणे हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे, तेव्हा बोलताना उपकाराचा सूर नको.

एक गोष्ट मला खटकली. त्या गिऱ्हाइकाकडे तुम्ही लेखी तगादा लावल्याचा पत्रात कुठेच उल्लेख नाही. तिथेही पत जाईल म्हणून गप्प आहात का? तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, माल देण्यापूर्वीची असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, करार काहीही असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे देणे गिऱ्हाइकावर बंधनकारक आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. सीएला विचारून नोटीस पाठवा आणि पाठवल्याचे कामगारांनाही सांगा.

एखादा सोडून जाईलही. त्याचा हिशेब चुकता करा. दिलेली तारीख पाळता येणार नाही असे दिसले, तर निदान चार दिवस आधी सांगा, म्हणजे ज्याला भाड्यासाठी हातउसने घ्यावे लागणार आहेत, त्याला ते वेळेत मागता येतील.