माळ्यावर आत्ताच चढू नकोस

अगं, घरातला पसारा आवरायला घेतलास ना, मग पहिल्याच दिवशी माळा काढायचा नाही. मी तेच केलं होतं. दुपारपर्यंत हॉलभर पितळी डबे, जुना पाळणा, टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल, आणि सासूबाई एकेका वस्तूची कथा सांगत बसलेल्या. रात्री सगळं होतं तसं परत वर गेलं.

सुरुवात औषधांच्या डब्यापासून कर. त्यात कुणाचा जीव अडकलेला नसतो. तारीख उलटलेल्या गोळ्या, घट्ट झालेली सिरप काढली की अर्ध्या तासात डबा निम्मा होतो आणि हुरूप येतो. मग स्टीलचे डबे. सगळी झाकणं ओट्यावर मांडून जोड्या लाव, बिनजोडीचं भंगारात.

कपड्यांत घाई नको. मऊ सुती साड्या गोधडीसाठी बाजूला काढ. बाकीचे बोहारणीला द्यायचे, पण बदल्यात पातेलं घेतलंस की पसारा नुसता कपाटातून स्वयंपाकघरात जातो! (माझ्याकडे अशी चार आहेत.) जरीच्या साड्या मलमलच्या कापडात गुंडाळ. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदल, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नकोस.

कागदांना मात्र सासऱ्यांना शेजारी बसवल्याशिवाय हात लावू नकोस. आमच्याकडे जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यातून सातबाराचा उतारा रद्दीत गेला होता. भर उन्हात रद्दीवाल्याच्या दुकानात बसून मी तीन गठ्ठे उसवले, तेव्हा कुठे तो एका दिवाळी अंकात सापडला.