एम.ए. सायकॉलॉजीला असताना क्लिनिकल किंवा फॉरेन्सिक प्लेसमेंट निवडताना काय बघावं?

तुमचा प्रश्न असा आहे: दुसऱ्या वर्षात दोन महिन्यांचं प्लेसमेंट (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) सरकारी मनोरुग्णालयात करावं की खासगी क्लिनिकमध्ये, आणि फॉरेन्सिकची, म्हणजे गुन्हे आणि न्यायालयाशी संबंधित मानसशास्त्राची, आवड असेल तर थेट तुरुंगात जाता येतं का?

जागेचं नाव नंतर बघा, आधी गाइड, म्हणजे तिथे तुमचं काम तपासणारी तज्ज्ञ व्यक्ती, बघा. रुजू होण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट विचारा. गाइडचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक काय? एका गाइडकडे किती विद्यार्थी आहेत? आणि सुपरविजनचा वार व वेळ ठरलेली आहे का? आठवड्याला एक तासही कोणी तुमच्या हाताने लिहिलेली केस वाचत नसेल, तर तिथे दोनशे तास भरूनही तुमच्याच चुका पक्क्या होतील. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत तीव्र आजार आणि वर्षानुवर्षं राहणारे रुग्ण बघायला मिळतात; खासगी क्लिनिकमध्ये चिंता, नात्यातले ताण, शाळकरी मुलं जास्त. दोन्ही उपयोगाचं आहे. एक लक्षात ठेवा, या प्लेसमेंटने तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार त्यासाठी आरसीआय-मान्य शिक्षण लागतं. त्यामुळे कुठल्याही रिपोर्टवर एकट्याची सही करू नका, कोणी आग्रह केला तरी.

पहिला आठवडा फक्त बसून बघा. दुसऱ्या आठवड्यापासून केस हिस्टरी घ्या आणि ती त्याच संध्याकाळी लिहून काढा. रुग्णाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा. 'भ्रम आहे' असं लिहिलंत तर गाइडला तपासायला काही उरत नाही. 'शेजारचे माझ्या पाण्यात काहीतरी टाकतात, चव बदलली आहे' असं लिहिलंत तर त्यावर चर्चा होते. 'अंगात येतं' हे ऐकलं की लगेच भास म्हणून खूण करू नका. कधी येतं, आरतीला की एरवीही? घरच्यांना ते वावगं वाटतं का? नंतर माणूस नेहमीसारखा कामाला लागतो का? हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

मराठीत तपासणी करताना इंग्रजी माध्यमातले विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडकतात. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं की आजी म्हणतात, 'त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी.' एकोणऐंशी म्हणजे 79. विद्यार्थी 89 ऐकतो आणि एकाग्रता कमी असल्याची नोंद करतो. संख्या आधी घोकून घ्या. शाळा न शिकलेल्यांना हिशेब रुपयांत विचारा किंवा वीसातून एक-एक कमी करायला सांगा.

बुद्ध्यंकाच्या चाचण्यांत सर्वांत घातक चूक वयाची असते. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही तारीख इतक्या मुलांची असते की ती दिसली की थांबायलाच हवं. बिने-कामत चाचणीत मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय गुणिले शंभर असा हिशेब असतो. मुलाचं मानसिक वय 72 महिने आलं आणि दाखल्यावरून वय 96 महिने धरलं, तर बुद्ध्यंक 75. आईला विचारल्यावर कळलं की जन्म त्याआधीच्या गणपतीतला, म्हणजे वय साधारण 104 महिने, की तोच आकडा 69 वर येतो. बौद्धिक अक्षमतेची 70 ची रेघ मध्ये आहे आणि त्या रेघेवर दिव्यांग प्रमाणपत्र अवलंबून असू शकतं. म्हणून जन्म कोणत्या सणाच्या आसपास, कोणत्या दवाखान्यात, लसीकरणाचं कार्ड आहे का, हे विचारा आणि रिपोर्टमध्ये वय कशावरून धरलं ते लिहा. सेगुइन फॉर्म बोर्डच्या, म्हणजे लाकडी आकार खाचांत बसवण्याच्या चाचणीच्या, तीन फेऱ्यांतली सर्वांत कमी वेळ धरतात, सरासरी काढत नाहीत. हीसुद्धा नेहमीची चूक.

लॉगबुकमध्ये तारीख, वय, लिंग, विभाग, तुम्ही नुसतं बघितलंत की स्वतः केलंत, लागलेला वेळ आणि गाइडची सही. नाव नाही. केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. कोणी जीव द्यायचं बोललं, तर तो माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आधी गाइडला बोलवा. सुपरविजनच्या वारापर्यंत थांबायचं नसतं. मुलांना 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती कळवावीच लागते.

आता फॉरेन्सिक. तुरुंगासाठी कॉलेजमार्फत कारागृह विभागाकडे अर्ज जातो. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून सेमिस्टर सुरू होतानाच पाठवा. पॉलिग्राफ आणि नार्को शिकायला मिळेल या आशेने जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या सेल्वी निकालानंतर संमतीशिवाय त्या करताच येत नाहीत, आणि विद्यार्थ्याला शिकण्यासारखं खरं काम मुलाखतीत आहे.

माझ्या मते सुरुवातीला निरीक्षणगृह, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात ती जागा, बरं. 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर (कायद्यात 'हीनस') गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन होतं, आणि त्यावर त्या मुलाचा खटला प्रौढासारखा चालेल का हे ठरू शकतं. ते मूल्यांकन विद्यार्थ्याने एकट्याने लिहायचं नाही. शेजारी बसून नोंदी घ्यायच्या. इथे तुम्ही समुपदेशक नसता, ही गोष्ट मुलाला पहिल्याच मिनिटाला कळायला हवी. साध्या शब्दांत सांगा: 'तू जे बोलशील त्यातलं काही आम्ही बाल न्याय मंडळाला, म्हणजे तुझी केस ऐकणाऱ्यांना, लिहून देणार आहोत. सांगायचं नसेल ते सांगू नकोस.' मग विचारा, 'आत्ता काय सांगितलं, तुझ्या शब्दांत सांग बरं.' त्याला सांगता आलं नाही तर पुन्हा समजवा. तोवर वही उघडू नका.