पंचगंगेचं पाणी आणि मालवणचं पाणी

भावा, परवा घाटावर तू विचारलंस, नदीत बुडालेला जास्त वाईट की समुद्रात? बुडालेल्यांना वाचवायच्या कामात नवीन असताना मलाही हेच कोडं होतं.

मनुके भिजत घातले की फुगतात, कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं. परासरण म्हणजे एवढंच, पाणी जास्त मिठाकडं धावतं. रक्तात मीठ साधारण ०.९ टक्के, समुद्रात ३.५ च्या आसपास, पंचगंगेत नावाला. त्यामुळं नदीचं पाणी वायुकोशातून, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतून, रक्तात शिरतं. मालवणला उलटं, रक्तातलं पाणी वायुकोशात उतरतं.

पण ‘रक्त पातळ होऊन पेशी फुटतात’ हे वाचून घाबरू नको. रक्ताचं प्रमाण बदलायलाच वजनाच्या किलोमागे ११ मिलीच्या वर पाणी फुप्फुसात जावं लागतं, म्हणजे साठ किलोच्या गड्याला ६६० मिली. बहुतेकांच्या छातीत एवढं जातच नाही. खरा घोळ वेगळा. वायुकोश उघडे ठेवणारा साबणासारखा पातळ थर दोन्ही पाण्यांनी बिघडतो, आणि माणूस प्राणवायूवाचून जातो.

म्हणून काठावर आणल्यावर पाण्याची चव विचारत बसू नको. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर ३० दाब, दोन श्वास, असं चालू ठेव. १०८ ला फोन दुसऱ्याला लावायला सांग. पोट दाबून पाणी काढणारे काका घाटावर हमखास असतात, त्यांना बाजूला कर. त्यानं उलटी होऊन तीच फुप्फुसात जाते. आणि शुद्धीवर येऊन ‘बरा हाय मी’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचाच. फुप्फुसातली सूज काही तासांनीही वाढते.