उत्तर-फाइलने अपग्रेड: डेटा राहील का?

प्रश्न: लॅबमधले 20 संगणक विंडोज 10 वरून 11 वर न्यायचे आहेत. पेनड्राइव्हवर ‘ऑटोअनअटेंड.एक्सएमएल’ ही उत्तर-फाइल (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) ठेवून बूट केलं तर प्रोग्रॅम, फायली राहतील?

उत्तर: नाही. पेनड्राइव्हवरून बूट केलं की नवं इन्स्टॉलेशनच होतं. फाइलमध्ये ‘विलवाइपडिस्क’ला ‘ट्रू’ असेल तर डिस्क न विचारता पुसली जाते. अपग्रेड चालू विंडोजमधूनच, अ‍ॅडमिन म्हणून करा: सेटअप.ईएक्सई /ऑटो अपग्रेड /क्वाएट /ईयूएलए अ‍ॅक्सेप्ट. शेवटचा स्विच (आज्ञेला जोडलेला पर्याय; इथे परवान्याच्या अटी मान्य करणारा) विसरलात तर 11 चं सेटअप पुढे सरकत नाही. उत्तर-फाइल इथे लागतच नाही.

आधी याच आज्ञेला ‘/कॉम्पॅट स्कॅनओन्ली’ लावून अपग्रेडला काही अडचण आहे का, एवढंच तपासा. 0एक्ससी1900210 हा कोड दिसायला भीतीदायक, पण अर्थ ‘अडचण नाही’ एवढाच! कोडच्या शेवटी 210ऐवजी 208 आलं तर मात्र एखादा प्रोग्रॅम आडवा येतोय.